मॅक्रोबायोटिक आहार सुरू करायचाय, पण कुठून?

सायंतारा :
नमस्कार मंडळी. मॅक्रोबायोटिक आहाराबद्दल बरेच महिने वाचते आहे. आता वाचन पुरे झालं, करून बघायचंय. अख्खं धान्य, भाज्या, कडधान्यं, थोडं आंबवलेलं काहीतरी, साखर-मैदा-मांस-दूध जवळपास बंद आणि सावकाश चावून खाणं, हे सगळं मनापासून पटलंय. कसला आजार नाही, वजनाचा प्रश्न नाही. दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटायला लागतात आणि संध्याकाळ झाली की मी गोड शोधत घरभर फिरते, ते थांबावं एवढंच वाटतं.

पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. एकजण सांगतो, पहिले दहा दिवस नुसता ब्राउन राइस खा, शरीर धुऊन निघतं. दुसरा सांगतो, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट जपानी पेस्ट), उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ), कोंबू (समुद्री वनस्पती) घरात नसेल तर त्याला मॅक्रोबायोटिक म्हणूच नका. तिसरा टोमॅटो-बटाट्यालाही हात लावू देत नाही. घरात चार माणसं आणि चौघांच्या चार तऱ्हा, त्यात एक आठ वर्षांची मुलगी. नोकरी सांभाळून हे जमवायचं कसं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा ना, सुरुवात कशापासून केलीत, काय टिकलं, काय सुटलं?

काजवा :
रुमाल टाकून ठेवतो. मलाही अगदी हेच विचारायचं होतं.

मृद्गंध :
सायंतारा, आमच्याकडे हा आहार बरीच वर्षं रुजलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसत्या भाताचे दहा दिवस आधी डोक्यातून काढून टाक. हा आहार जगभर नेणारे जपानी विचारवंत जॉर्ज ओसावा यांनी आहाराच्या चढत्या पायऱ्या आखल्या होत्या, त्यातली सगळ्यात वरची 'सातवी' म्हणजे शंभर टक्के धान्य. साठच्या दशकात अमेरिकेत काही उत्साही मंडळी तीच धरून बसली, कुपोषित झाली, काहींचे जीव गेले. १९७१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आहार परिषदेने या प्रकाराविरुद्ध जाहीर इशारा दिला. ओसावांचे शिष्य मिचिओ कुशी आणि त्यांच्या पत्नी अवेलिन यांनी पुढे बॉस्टनमध्ये जो रोजचा आहार मांडला तो यापेक्षा पुष्कळ मोकळा आहे. ताटातला ४० ते ६० टक्के भाग अख्खं धान्य, २० ते ३० टक्के भाज्या, ५ ते १० टक्के कडधान्यं आणि समुद्री वनस्पती, शिवाय रोज वाटी-दोन वाट्या सूप. आठवड्यातून एखाद-दोनदा पांढऱ्या मांसाचा मासा, अधूनमधून फळं, दाणे, बिया. आणि हे टक्के वजनाचे नव्हेत. ताटात डोळ्यांना जेवढं दिसतं त्याचे आहेत, त्यामुळे तराजू काढू नकोस.

सुरुवात एका वेळच्या धान्यापासून कर. पांढऱ्या तांदळाच्या जागी ब्राउन राइस, तोही पहिल्यांदा निम्मा-निम्मा. रात्रभर भिजत घालायचा, सकाळी पाणी बदलायचं, वाटीला चिमूटभर मीठ. साध्या पातेल्यात शिजवायचा तर वाटीला दोन वाट्या पाणी, घट्ट झाकण आणि मंद आचेवर पाऊण तास. प्रेशर कुकरमध्ये पाणी थोडं कमी, आणि प्रेशर आल्यावर आच अगदी बारीक. गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडू नकोस. बहुतेकांचा ब्राउन राइस कडक होतो किंवा गिच्च होतो तो या शेवटच्या थांबण्यात घाई केल्यामुळे.

भात अंगवळणी पडला की रोजचं एक सूप आण, मग कडधान्य, आणि साखर सगळ्यात शेवटी सोड. उलट्या क्रमाने करणारे पंधरा दिवसांत कंटाळतात, कारण पोट भरण्याची सोय लागायच्या आतच गोड बंद झालेलं असतं.

खडीसाखर :
माझं नाव बघून हसू नका, पण शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन :)

सायंतारा, संध्याकाळच्या गोडासाठी एक उपाय सांगते, तो याच परंपरेतला आहे. कांदा, गाजर, कोबी आणि लाल भोपळा सारख्या प्रमाणात, अगदी बारीक चिरून चौपट पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं आणि गाळून कोमट प्यायचं. मीठ घालायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला यात काही दम वाटला नव्हता, पण चार वाजता कपभर घेतलं की खरंच हात डब्याकडे जात नाही. उरलेल्या भाज्या रात्रीच्या सुपात जातात.

आणि राइस सिरप, बार्ली माल्ट हे धान्यापासून केलेले गोड पाक 'नैसर्गिक' म्हणून चमचे-चमचे ओतू नका. गोड ते गोडच, शेवटी रक्तात साखरच होते.

तळटीप :
विषयाला थोडा फाटा फोडतो, पण ब्राउन राइसला इथे एवढा मान का, हे जपानचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे शहरांत आणि सैन्यात कोंडा काढून पांढराशुभ्र केलेला तांदूळ रोजचा झाला आणि बेरीबेरी या नसा आणि हृदय निकामी करणाऱ्या आजाराने माणसं मरू लागली. १८८२-८३ च्या सफरीत 'र्‍युजो' या नौदलाच्या जहाजावर ३७६ पैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना शंका आली ती शिध्याची. त्यांनी १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवलं, पण भात कमी करून मांस, दूध, पाव वाढवून. या वेळी बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. पुढे नौदलाच्या भातात जव मिसळायला लागले आणि हा आजार तिथून जवळजवळ हद्दपार झाला. ताकाकींना वाटलं की प्रथिनं कमी पडत होती. खरं कमी पडत होतं ते कोंड्याबरोबर निघून जाणारं थायमिन, म्हणजे बी-१, पण ते कळायला अजून बराच काळ जायचा होता.

याच काळात लष्करात सागेन इशिझुका (१८५०-१९०९) नावाचे डॉक्टर होते. त्यांनी सगळा आहार सोडियम आणि पोटॅशियमच्या तोलावर मांडला आणि अख्खं धान्य, आपल्या परिसरात आणि त्या ऋतूत पिकलेलं अन्न यावर भर दिला. ओसावा (१८९३-१९६६) तरुणपणी क्षयाने आजारी असताना या विचारांकडे वळले आणि त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या जागी यिन-यांगची, म्हणजे एकमेकांना तोलणाऱ्या दोन विरुद्ध शक्तींच्या चिनी कल्पनेची मांडणी आणली. म्हणजे मुळाशी होता तो एका खऱ्या, जीवघेण्या प्रश्नाचा अनुभव. तत्त्वज्ञानाचा मजला त्यावर नंतर चढला.

चकमक :
तळटीप, सुंदर प्रतिसाद. माझं म्हणणं नेमकं तुमच्या शेवटच्या वाक्यातून पुढे जातं. तळमजला भक्कम आहे, मग वरच्या मजल्यावर राहायलाच हवं का? मीठ-मांस-अंडी यांग, साखर-दारू-फळं यिन, धान्य मधोमध. या वर्गवारीमागे मोजता येईल असं काही नाही. अख्खं धान्य, डाळी, भाज्या, कमी साखर यांचे फायदे भरपूर अभ्यासांत दिसलेत आणि त्यासाठी यिन-यांग मानावं लागत नाही. सायंताराताईंनी चांगलं अन्न घ्यावं, बाकीचं सोडून द्यावं.

मृद्गंध :
चकमक, मोजता येत नाही हे मान्य. पण स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ती वर्गवारी एक सवय लावते. हवा गार झाली की जास्त शिजवलेलं, कंदमुळं, थोडं तेल. उकाड्यात हलकं, वाफवलेलं, पालेभाज्या, कच्चं. आज खूप खारट खाल्लं म्हणून गोडाची ओढ लागली का, असं स्वतःला विचारायची सवय. मला याचा फार उपयोग झालाय. वैद्यकशास्त्र म्हणून मी ते कुणाला सांगणार नाही, पण चुलीपाशी ते चांगलं चालतं.

चकमक :
स्वयंपाकघरापुरतं असेल तर माझा विरोध नाही. रोगनिदानाला लावलं की आहे.

निशिगंध :
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते. या आहारात प्रथिनांची चिंता सगळे करतात, पण ती सर्वांत सोपी आहे. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी, कडधान्यात मिथिओनिन कमी, दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकमेकांची भरपाई होते, एकाच घासात जायला हवीत असंही नाही. कडधान्यात मात्र कंजूषपणा नको. ५ ते १० टक्के या आकड्याच्या खालच्या टोकाला अडकू नका, दोन्ही जेवणांत वाटीभर असू द्या.

खरी काळजी बी-१२ ची. प्रौढ माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि मासे, अंडी, दूध बंद असेल तर या आहारात त्याचा भरवशाचा स्रोत नाही. मिसो, टेम्पे (सोयाबीनची वडी) आंबवलेले आहेत म्हणून त्यात बी-१२ असतं, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यावर विसंबू नये. स्पिरुलिना या शेवाळात आढळतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप. यकृतात साठा असतो, त्यामुळे पहिली काही वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. मग मुंग्या येणं, थकवा, विसरभोळेपणा. भाज्या-कडधान्यांतून फोलेट भरपूर मिळत असल्यामुळे रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ पहिल्या दिवसापासून. रक्ततपासणी सुरुवातीला एकदा आणि मग वर्षाकाठी एकदा.

दूध बंद केल्यावर कॅल्शियम कुठून, याचंही उत्तर आधी ठरवा. कॅल्शियमच्या क्षाराने थिजवलेला टोफू, तीळ, केल आणि कोबीच्या कुळातल्या इतर हिरव्या भाज्या. पालकात कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेटमुळे अंगी फार थोडं लागतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही वेगळं घ्यावं लागेल.

काजवा :
बाप रे, बी-१२ चं हे फोलेटचं प्रकरण नव्हतं माहीत. वाचनखूण साठवली.

आडवाट :
सायंताराताई, जपानी सामानाच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. त्यातलं काहीही नसलं तरी चालतं. या आहाराचा एक पाया म्हणजे आपण राहतो तिथलं, त्या ऋतूतलं खाणं. दुसऱ्या खंडातून जहाजाने आलेली उमेबोशीची बरणी नसेल तर आहार अपुरा, असं म्हणणं त्या पायालाच धरून नाही. जव, ओट्स, भरड धान्यं, कुट्टू, अख्खा गहू यांपैकी जे जवळ पिकतं ते घ्या. अझुकी हे लाल जपानी कडधान्य नसलं तर मसूर, चणे, चवळी कोणतीही. आंबट-खारट तोंडीलावणं हवं तर घरी आंबवलेला कोबी किंवा मुळा पुरतो. कोबीच्या वजनाच्या २ टक्के मीठ, चांगला चुरायचा, सुटलेल्या पाण्याखाली दाबून ठेवायचा आणि हवेच्या मानाने आठवडा-दोन आठवडे बरणीत. इतकंच.

तीळ-मीठ मात्र जरूर करा. हलके भाजलेले तीळ १६ ते १८ भाग आणि भाजलेलं मीठ १ भाग, खलात अर्धवट कुटायचं. पीठ करायचं नाही, काही तीळ अख्खे राहू द्यायचे. भातावर चमचाभर टाकलं की मुलंसुद्धा बिनतक्रार जेवतात.

चंद्रकोर :
आडवाट, बाकी सगळं मान्य, पण मिसोवर थोडा अन्याय होतोय :) सूप उतरवल्यावर, उकळी बसल्यावर, थोड्या कोमट पाण्यात कालवून मिसो घातला की जी चव येते तिला दुसरा पर्याय मला तरी सापडलेला नाही. उकळू मात्र नये, वास उडून जातो आणि जिवंत जिवाणूही मरतात.

निशिगंध :
मिसो जरूर, पण हिशेबात. मोठ्या चमचाभर मिसोत साधारण दीड ग्रॅम मीठ असतं, मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. सकाळी मिसो सूप, दुपारी तामारी (सोया सॉसचाच एक प्रकार), रात्री उमेबोशी आणि वर तीळ-मीठ, असं केलं की 'शुद्ध' आहारातच ती ओलांडली जाते. रक्तदाब असणाऱ्यांनी चार माणसांच्या सुपाला एकच चमचा मिसो घालावा. पांढरा मिसो कमी दिवस मुरतो आणि सहसा कमी खारट असतो, सुरुवातीला तो बरा. आणि ग्लूटेन चालत नसेल त्यांनी जवाचा मिसो टाळायचा, तामारी घेतानाही गहू नसल्याचं लेबल वाचायचं.

आणखी एक, आडवाट यांच्या प्रतिसादावरून. आयोडीन! या आहारात लोक आयोडीनयुक्त मीठ सोडून समुद्री खडेमीठ वापरतात, दूध-अंडी बंद करतात. समुद्री मिठात आयोडीन नगण्य असतं. त्यावर समुद्री वनस्पतीही नाहीत म्हटल्यावर थायरॉइडला लागणारे दिवसाचे १५० मायक्रोग्रॅम येणार कुठून? कोंबू-नोरी नको असेल तर आयोडीनयुक्त मीठच ठेवा.

उलट बाजूही तितकीच खरी. कोंबूत आयोडीन इतकं असतं की सुक्या एका ग्रॅममध्येच दिवसाची वरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. कडधान्य शिजवताना बोटभर तुकडा घालतात तो रोज खाऊ नका. नोरीत त्या मानाने फार कमी असतं. हिजिकी ही समुद्री वनस्पती तर घेऊच नका, त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ती न खाण्याचाच सल्ला दिलेला आहे.

आडवाट :
आयोडीनचा मुद्दा बिनतोड. आमच्याकडे मीठ आयोडीनयुक्तच आहे, पण ते का असावं हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

कोरा_कागद :
चावण्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्यासाठी या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं तेच. सांगतात एक घास ५० वेळा. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ते शक्य नाही, पण घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा एवढा एकच नियम पाळला तरी वेग आपोआप निम्मा होतो. ब्राउन राइस नीट चावला नाही तर तो जड पडतो आणि लोक दोष तांदळाला देतात.

खडीसाखर :
आमच्या घरी सासरेबुवा मोठ्याने मोजत चावायचे. गप्पा बंद झाल्या! शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं, मोजायचं ते मनात :)

चंद्रकोर :
माझ्या आईला मधुमेह आहे, म्हणून या आहाराचा त्या अंगाने मी बराच शोध घेतला. इटलीत मारिओ पियानेसी यांनी आखलेल्या 'मा-पी २' या मॅक्रोबायोटिक आहाराची एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप २ मधुमेहाचे ५१ रुग्ण, २१ दिवस, अर्ध्यांना हा आहार आणि अर्ध्यांना नेहमीचा मधुमेहाचा आहार. रक्तशर्करा दोन्ही गटांत उतरली, या आहारात जास्त उतरली. चाचणी छोटी आहे, दिवसही थोडे, पण आशादायक आहे.

आईने सुरू केलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलीच अट घातली की साखर रोज मोजायची आणि औषधाचा डोस त्यांना विचारूनच बदलायचा. आहार बदलला आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दुसऱ्याच आठवड्यात तिची गोळी अर्धी करावी लागली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये, ही हात जोडून विनंती.

पानगळ :
लिहू की नको असं करत होते. पण इथे बरीच मंडळी वाचतायत म्हणून लिहिते.

माझ्या बाबांना आतड्याचा कर्करोग झाला तेव्हा एका सल्लागाराने आम्हाला कडक मॅक्रोबायोटिक आहार दिला आणि केमोथेरपी पुढे ढकलायला सुचवलं. बाबांचं वजन आधीच उतरत होतं, ते आणखी झपाट्याने उतरलं. केमो सुरू झाली तेव्हा ती सोसण्याइतकी ताकद उरली नव्हती. आहारच कारणीभूत ठरला असं मी म्हणत नाही, मला ते ठरवता येणार नाही. पण कर्करोगात माणसाला उष्मांक आणि प्रथिनं जास्त लागतात आणि हा आहार पोट लवकर भरवून उष्मांक कमी देतो, हे आम्हाला कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं.

मला ब्राउन राइसबद्दल राग नाही. आजही घरात करते. 'याने बरं वाटेल' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेते. 'याने कर्करोग बरा होतो' असं कुणी म्हटलं की मी तिथून उठते.

मृद्गंध :
पानगळ, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. हा आहार पाळणाऱ्यांपैकी एक म्हणून सांगते, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आमच्या वर्तुळात हा दावा फार वर्षं फिरत राहिला. हा आहार कर्करोग बरा करतो असं दाखवणारा पुरावा नाही. खुद्द अवेलिन कुशी २००१ मध्ये आणि मिचिओ कुशी २०१४ मध्ये कर्करोगानेच गेले. त्याने आहार वाईट ठरत नाही. दावा मात्र मागे घ्यायलाच हवा आणि तो आमच्यासारख्यांनीच मोठ्याने घ्यायला हवा.

तळटीप :
पानगळ, तुमच्या बाबांना आदरांजली.

चकमक :
+१. आणि मृद्गंध, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

सायंतारा :
पानगळताई, वाचून थांबले. खूप धन्यवाद.

सगळे प्रतिसाद वाचतेय. एक प्रश्न राहिला, तो लेकीचा. तिलाही यात घ्यायचं का? ती नेहमी आमच्याच ताटातलं खाते.

निशिगंध :
पूर्ण मॅक्रोबायोटिकवर तिला नेऊ नका. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मॅक्रोबायोटिक कुटुंबांतल्या लहान मुलांचा बारकाईने अभ्यास झाला. दूध तुटल्यावरच्या वयात मुलांची वाढ मंदावलेली दिसली, मुडदूस होता, बी-१२ आणि लोह कमी होतं. कारण समजण्यासारखं आहे. मुलांचं पोट छोटं आणि हे अन्न भरपूर तंतूंचं, पाणी जास्त, तेल-तूप कमी, त्यामुळे पोट भरतं पण ऊर्जा पुरत नाही. ज्या कुटुंबांनी नंतर स्निग्ध पदार्थ, मासे, दूध वाढवलं त्यांच्या मुलांची वाढ सुधारली. अगदी लहानपणी या आहारावर असलेल्या मुलांमध्ये पुढे किशोरवयातही बी-१२ ची कमतरता सापडली आहे.

तुमची लेक आठ वर्षांची आहे, तान्ह्या मुलांइतका धोका नाही. तुमच्या ताटातला भात, सूप, भाजी, कडधान्य तिला खुशाल द्या. वर तिचं दूध, अंडं, दाण्यांचं कूट किंवा बटर आणि थोडं जास्तीचं तेल चालू ठेवा. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांनाही हेच लागू.

काजवा :
टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची यांच्यावर बंदी का असते? त्याचं उत्तर राहिलं.

चकमक :
ही सगळी एकाच कुळातली, त्यांत सोलॅनिनसारखी अल्कलॉइड असतात आणि त्यामुळे सांधे दुखतात असा समज आहे. खाण्याच्या नेहमीच्या प्रमाणात निरोगी माणसाला त्रास होतो असं काही सिद्ध नाही. हिरवा पडलेला, मोड आलेला बटाटा मात्र खरोखर टाळावा. ज्यांना वाटतं की आपल्याला बाधतं त्यांनी महिनाभर बंद करून पुन्हा सुरू करून बघावं. बाकीच्यांनी विनाकारण ताट लहान करू नये.

एक भर माझ्याकडून. तांदळात, विशेषतः कोंड्यात, आर्सेनिक साठतं, त्यामुळे ब्राउन राइसमध्ये पांढऱ्यापेक्षा जास्त असतं. तिन्ही त्रिकाळ तोच खाण्याऐवजी धान्य फिरतं ठेवा. आज भात, उद्या जव, परवा कुट्टू. शिवाय एका भागाला सहा भाग पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं तर ते बरंच कमी होतं.

मृद्गंध :
सहमत. परंपरेतही धान्य बदलत राहा असंच आहे. पाणी ओतून दिल्यावर चव थोडी फिकी पडते आणि काही जीवनसत्त्वंही जातात, म्हणून मी आलटून पालटून करते.

कोरा_कागद :
सायंताराताई, नोकरीचं विचारलं होतंत. रविवारी दोन प्रकारची कडधान्यं भिजवून, शिजवून फ्रीझरमध्ये वाट्यावाट्यांनी ठेवा. भात दोन दिवसांचा एकदम करा, पण शिजल्यावर लगेच पसरून गार करून फ्रिजमध्ये, तासभर बाहेर राहता कामा नये. शिळ्या भातात जिवाणूंचं विष तयार झालं तर ते नंतर तापवूनही जात नाही. मग रोज फक्त सूप आणि भाजी, अर्ध्या तासाचं काम.

सायंतारा :
सगळ्यांना किती धन्यवाद देऊ! ठरलं ते असं. रात्रीच्या जेवणात निम्मा-निम्मा भात, दोन्ही वेळा कडधान्य, चार वाजता भोपळ्याचं पाणी. मीठ आयोडीनयुक्तच राहील, मिसो मी चवीपुरता आणतेय, समुद्री वनस्पती सध्या नाहीत. लेकीचं दूध-अंडं तसंच. बी-१२ ची तपासणी याच आठवड्यात. नवरा म्हणालाय, दुपारी त्याचं तो बघेल, रात्री सगळ्यांबरोबर.

तांदूळ आणला, पण पिशवी उघडली तर किंचित खवट वास येतोय. असाच असतो का याचा वास?

मृद्गंध :
नाही, परत दे. ताज्या ब्राउन राइसला दाण्यांसारखा गोडसर वास असतो. कोंड्यात तेल असतं आणि ते उबेत लवकर खवट होतं, पांढरा तांदूळ वर्षभर टिकतो तसा हा टिकत नाही. महिन्याभरात संपेल एवढाच आण, शक्यतो पॅकिंगची तारीख बघून, आणि घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव.